रांगेतला शहाण्णवावा

हेल्यूच्या दवाखान्याची खिडकी रस्त्याकडे आहे, आणि येणारी बाई दारात बूट काढेपर्यंत हेल्यूनं तिची निम्मी तपासणी उरकलेली असते. यात जादू नाही. आमच्या किह्नू बेटावर बाईचा घागराच सगळं सांगतो. लाल रेघा जास्त, तर घर ठीक आहे. घरातलं कुणी गेलं की काळानिळा घागरा, मग वर्ष-दोन वर्षांनी एकेक लाल रेघ वाढवत बाई हळूहळू परत लालावर येते. जी घाई करते तिला नावं ठेवतात, जी फार रेंगाळते तिलाही ठेवतात. हेल्यू कुणाला नावं ठेवत नाही. ती फक्त म्हणते, "लीने, गेल्या महिन्यात लाल नेसली होतीस, आज परत निळा काढलास. झोप लागत नाही ना तुला?" आणि लीने, जी खोकल्याचं औषध न्यायला आलेली असते, ती तिथंच खुर्चीत बसून रडायला लागते.

डॉक्टर पलीकडून, म्हणजे मुख्य भूमीवरून, महिन्यातून दोनदा येतो, तोही वारा असेल तर येत नाही. बाकी सगळं हेल्यूचं. साइडकार जोडलेली जुनी मोटारसायकल घेऊन ती बेटभर फिरते, शेजारच्या डब्यात पिशवी, पिशवीवर ओझं म्हणून दगड. एकदा फेरीबोटीत बाळंतपण केलं तिनं, भर लाटांत, आणि बोटीच्या कप्तानाला गरम पाण्यासाठी असं काही झापलं की तो अजून तिला दुरून टोपी काढतो. दवाखान्याच्या भिंतीवर एक फळी आहे. पुरुषांच्या अंगठ्यांतून काढलेले मासेमारीचे गळ तिच्यावर टोचून ठेवलेत, खाली नावं. ज्याचे तीनपेक्षा जास्त झाले त्याला ती विचारते, "अरे, तू मासे पकडतोस की मासे तुला?"

तिचा नवरा युहान एकावन्नाव्या वर्षी गेला. मे महिना होता, शेडमध्ये जाळं सांधत बसला होता, आणि तिथंच बसल्या जागी संपला. हृदय. हेल्यूनं काळा घागरा नेसला आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. लोकांना वाटलं, कणखर बाई आहे. मला विचाराल तर घरात बसवत नव्हतं तिला.

पुढच्याच वर्षी तार्तूच्या विद्यापीठाची माणसं देशभर रक्त गोळा करायला लागली. प्रत्येकाच्या रक्तातून त्याचा आनुवंशिक नकाशा काढायचा, आणि पुढंमागं कुणाला कुठल्या आजाराचा धोका जास्त आहे ते ज्याचं त्याला सांगायचं. आमच्याकडे याची भरपूर थट्टा झाली. दुकानात म्हणायचे, "नाताळात रक्ताची सॉसेज कमी पडत असतील तार्तूला, म्हणून आमचं हवंय." हेल्यूनं थट्टा ऐकून घेतली आणि समाजगृहात सगळ्यांसमोर पहिली बाही तिनं वर केली. मग घरोघर फिरली. ज्यांनी दार उघडलं नाही त्यांच्या अंगणातच उभी राहिली. आमच्याकडे अंगणात माणूस उभं ठेवणं फार वाईट दिसतं, हे तिला पक्कं माहीत. शेवटी एकशे एक्क्याऐंशी जणांनी रक्त दिलं. हिवाळ्यात बेटावर माणसंच जेमतेम चारशे असतात, त्यातली ही.

मग कितीतरी वर्षं काहीच नाही. लोक विसरून गेले. आणि एके शरदात बातमी आली की आता कुणालाही आपलं ओळखपत्र संगणकात सारून, गुप्त आकडा टाकून, आपला अहवाल घरबसल्या बघता येतो. हेल्यूनं त्याच दिवशी दुकानाच्या दारावर कागद चिकटवला: "एकट्यानं वाचू नका. बुधवारी आणि शुक्रवारी माझ्याकडे या. कार्ड आणा. हेल्यू."

लोकांनी अर्थातच आधी घरीच वाचलं आणि मग तिच्याकडे गेले. त्या अहवालात हृदय होतं, साखर होती, कॉफी अंगाला सोसते की नाही हे होतं, आणि आपल्यात आदिमानवाचा अंश किती तेही होतं. शनिवारी बायकांच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणायची, "माझा दोन टक्के निघाला." दुसरी म्हणायची, "तुझा दोन? मग तुझ्या नवऱ्याचा मोजताना काटा तुटला असेल." हेल्यू वरच्या बाकावर बसून वाफेसाठी दगडांवर पाणी टाकायची आणि हसायची. लोक हसताहेत म्हणजे घाबरलेले नाहीत, असं तिला वाटलं. तिथं ती चुकली.

रॅस्टी घराचा एवाल्ड घाबरला होता. सत्तेचाळिशीला टेकलेला, अबोल, हातानं पक्का मच्छीमार. त्याचे आजोबा पन्नाशीच्या आत गेले. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी होडीत गेले, जाळं ओढताना, आणि जाळ्याचं दुसरं टोक अठरा वर्षांच्या एवाल्डच्या हातात होतं. त्यानंच होडी किनाऱ्याला आणली. त्यावर तो कधी बोलला नाही, आणि आमच्याकडे न बोलणाऱ्याला कुणी खोदून विचारत नाही. ही आमची रीत चांगली की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानं मात्र दारावरच्या कागदाचं ऐकलं. घरी वाचलं नाही. जानेवारीतल्या एका शुक्रवारी कार्ड घेऊन हेल्यूकडे आला. बाहेर वारा चढत होता, फेरीबोट रद्द व्हायच्या बेतात होती, आणि बाकावर हात भाजलेली एक लहान मुलगी आईच्या मांडीवर किंचाळत होती. तिला बोट सुटायच्या आत पलीकडे न्यायचं होतं. हेल्यूनं कार्ड घातलं, पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "हृदयाच्या धमन्यांचा धोका. शंभरात तू शहाण्णवावा. सोमवारी ये, रक्त घेऊ, बसून बोलू." सगळं मिळून पाच मिनिटं. एवाल्ड म्हणाला, "बरं." टोपी घातली आणि गेला.

सोमवारी तो आला नाही. हेल्यूनं निरोप पाठवला, "बरं" असं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात परत निरोप, परत "बरं". मग बेटावर फ्लूची साथ आली आणि हेल्यूला श्वास घ्यायला फुरसत मिळेना.

इकडे एवाल्डचं वागणं बदललं. तीन हिवाळे पुरतील एवढं सरपण त्यानं फोडून रचलं. छपराची पन्हळ बदलली. आणि एक दिवस चुलतभाऊ कारेलला होडीत घेऊन गेला आणि आपल्या जाळ्यांच्या जागा त्याला दाखवल्या. आता हे ऐकून वाचणाऱ्याला काही वाटणार नाही, पण आमच्याकडे माणूस बायको देईल, जागा देणार नाही. वडिलांनी मुलाला सांगायच्या, मुलानं नातवाला, आणि मधे कुणी विचारलं तर खोटं बोलायचं, हा नियम. कारेल परत येऊन दुकानात नुसता बसून राहिला. "दाखवल्या," म्हणाला. "सगळ्या दाखवल्या. मी विचारलंसुद्धा नव्हतं." लोक म्हणाले, एवाल्ड हल्ली मोठ्या मनाचा झालाय. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मार्चच्या सुरुवातीला हेल्यू रॅस्टी घरी गेली. एवाल्डची आई आलीडे, पंचाहत्तरीची, तिच्या पायाला जखम होती आणि दर आठवड्याला पट्टी बदलावी लागायची. गेले चार आठवडे ते काम एवाल्डची बायको मारेट दवाखान्यातून सामान नेऊन घरीच करत होती. त्या दिवशी हेल्यूला वाटलं, आपणच बघून यावं.

मार्च म्हणजे घरोघरी माग चालू असतात. उन्हाळ्याआधी घागऱ्याचं कापड विणून व्हायला हवं. मारेट मागावर बसली होती. हेल्यूनं आत पाऊल टाकलं, "कसं चाललंय?" म्हणाली, आणि तिची नजर कापडावर गेली. काळा, गडद निळा, परत काळा. लाल एक धागा नाही. वीतभर नव्हे, चांगलं हातभर विणून झालं होतं.

हेल्यूनं मनातल्या मनात रॅस्टीची सगळी नातीगोती मोजली. मारेटची आई ठणठणीत. भाऊ पलीकडे, परवाच फोन आला होता त्याचा. कुणी गेलेलं नव्हतं.

"मारेट, हे कुणासाठी?"

मारेटनं धोटा थांबवला नाही. उत्तर आलीडेनं दिलं, खिडकीशी बसल्या बसल्या, पाय स्टुलावर टाकून.

"घाईत विणलेला घागरा नीट बसत नाही गं पोरी. माझा नवरा गेला तेव्हा माझ्याकडे तयार नव्हता. शेजारणीचा उसना नेसून मी त्याच्यामागून चालत गेले, तोही आखूड. सगळा वेळ माझं लक्ष घोट्यांकडे. सुनेवर ती पाळी नको म्हटलं. लोकर आहे, माग रिकामा आहे, होऊन जाऊ दे."

हे तिनं कसं सांगितलं म्हणाल, तर बटाटे कधी लावायचे हे सांगावं तसं. आमच्या बायका आपले शेवटचे कपडेसुद्धा धडधाकट असतानाच पेटीत घडी करून ठेवतात, त्यात कुणाला अशुभ वाटत नाही. तयारी ठेवणं म्हणजे शहाणपण. पण ती ज्याची त्यानं आपापली ठेवायची असते. जिवंत नवऱ्यासाठी बायकोनं काळा विणायला घेतलेला हेल्यूनं आजवर पाहिला नव्हता.  ती पट्टीची पिशवी घेऊन तशीच बाकावर बसली.

"एवाल्ड मरणार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मारेटचा हात थांबला. "तूच की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "शंभरात शहाण्णव. तो घरी आला, जेवला, आणि म्हणाला, शंभरातले शहाण्णव जातात म्हणे माझ्यासारखे. हेल्यूताईनं वाचलं. मग उरलं काय विचारायला? तू कधी खोटं सांगत नाहीस."

तेवढ्यात एवाल्ड आत आला, हातात पर्च माशांचं टोपलं. हेल्यूला बघून त्यानं टोपलं खाली ठेवलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं, आणि हळूच टोपी काढली.

"सोमवारी का आला नाहीस?" हेल्यूनं विचारलं.

"कशाला? कळलं होतं ते पुरे होतं. ते काही तुझ्या गोळ्यांनी पुसलं जायचं नाही. बाबांचं तसंच झालं, आजोबांचं तसंच झालं. आता संगणकात पण निघालं. उगाच तुझा वेळ कशाला खायचा."

हेल्यू उठून उभी राहिली. आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही. माणूस चुकला की तो दुसऱ्याच्या दारात मासे ठेवून जातो, आणि दोघंही तो विषय काढत नाहीत. हेल्यू म्हणाली, "चूक माझी आहे."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

"अहवाल वाचायला मी तासभर द्यायला हवा होता. पाच मिनिटांत उरकलं. बाकावर पोर रडत होतं, बोट सुटत होती, हे खरं. पण तुझं आयुष्य मी दाराशी उभ्याउभ्या सांगितलं. आणि तू 'बरं' म्हणालास तेव्हा मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं तुम्हा लोकांचं 'बरं' ऐकतेय मी."  मग म्हणाली, "एक सांगते. युहान गेला त्याच्या आधी दोन दिवस त्याचा डावा हात दुखत होता. जाळं ओढून स्नायू आखडला असेल म्हणाला. आणि मी, परिचारिका, मी त्याच्या हाताला मलम चोळलं. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. इतकं मनापासून चोळलं. त्याच्या घराण्यातलं कुणी हृदयानं गेलेलं नव्हतं, माझ्या डोक्यातच आलं नाही. मला असा एखादा कागद कुणी दिला असता ना, एवाल्ड, मी त्याला खांद्यावर टाकून पलीकडे नेलं असतं. आणि तुझ्याकडे कागद आहे, तर तू सरपण रचतोयस."

हे तिनं आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि पुढंही कुणाला सांगितलं नाही. मला मारेटकडून कळलं. मारेट म्हणते, सासूबाईंनी तेव्हा खिडकीकडे तोंड वळवलं आणि बराच वेळ परत फिरवलं नाही.

मग हेल्यू कामाला लागली. "मारेट, सुके वाटाणे आहेत का घरात?"

वाटाणे आले. टेबलावरच्या मेणकापडावर हेल्यूनं शंभर मोजले, एका रांगेत लावले. मधेच हिशेब चुकला तर आलीडे म्हणाली, "सदुसष्ट झाले, पुढं चल." म्हातारीनं खिडकीकडे बघूनच मोजले होते.

"ही शंभर माणसं," हेल्यू म्हणाली. "वारशानं ज्याच्या वाट्याला हृदयाचं ओझं सगळ्यात कमी आलं, तो या टोकाला. सगळ्यात जास्त, तो त्या टोकाला. तू हा." तिनं शहाण्णवावा वाटाणा बोटानं जरा पुढं सरकवला. "याचा अर्थ एवढाच, की पंच्याण्णव जणांना तुझ्यापेक्षा कमी ओझं मिळालंय. शहाण्णव मरतात असा नाही. हा रांगेतला नंबर आहे, मरणाचा नाही."

एवाल्ड वाकून बघत होता.

"आता ही सगळी रांग पुस. समज, हे शंभरच्या शंभर तुझ्यासारखे आहेत. तुझं वय, तुझा बाप, तुझी तंबाखू. पुढच्या दहा वर्षांत यांच्यातल्या किती जणांचं हृदय दगा देईल? नक्की कुणी सांगू शकत नाही. पण साधारण एवढे." तिनं पंधरा वाटाणे बाजूला ओढले. "हे कमी नाहीत. म्हणून तर मी सोमवारी ये म्हटलं. पण रक्तदाब ताब्यात ठेवला, तंबाखू सोडली, चरबीची गोळी रोज घेतली, तर..." पंधरातले आठ तिनं परत ढिगात ढकलले.

एवाल्डनं उरलेले वाटाणे बोटानं एकेक करून मोजले. त्याला कुणाच्या मोजण्यावर भरवसा नाही.

"म्हणजे बाकीचे राहतात," तो म्हणाला.

"राहतात."

"मग बाबा?"

"तुझे बाबा या बाजूच्यातले. पण त्यांना कुणी मोजलं नव्हतं रे. गोळी कुणी दिली नव्हती. ते आपलं जाळं ओढत होते."

एवाल्ड त्या सात वाटाण्यांकडे बघत होता. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "बघतो."

हे "बघतो" "बरं"चं सख्खं भावंड आहे. हेल्यूनं ते ओळखलं, आणि या वेळी सोडलं नाही. "बघतो नाही. सोमवारच्या बोटीनं पलीकडे पार्नूच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. मी वेळ घेऊन ठेवते."

"हेल्यूताई," एवाल्ड म्हणाला, "तुझा स्वतःचा कागद काय म्हणतो?"

हेल्यूनं वाटाणे गोळा करायला घेतले.

"बघितला नाहीस ना? दुकानात सगळ्यांना माहितीये. सगळ्या बेटाचं वाचलंस, आपलं सोडून."

मारेटनं नवऱ्याला डोळे वटारले, पण आलीडे म्हणाली, "विचारू दे त्याला. बरोबर विचारतोय."

हेल्यूनं उत्तर दिलं. "नाही बघितला. माझा वाईट निघाला तर मी कुणाकडे जाऊ? बेटावर दुसरी परिचारिका नाही."

"आमच्याकडे ये," मारेट म्हणाली. "आलीच आहेस."

मारेटनं चहा आणि जॅम मांडला, संगणक आणला, वाटाणे बाजूला केले. हेल्यूनं पाकिटातून कार्ड काढलं. दोनदा गुप्त आकडा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर कार्डच बंद पडलं असतं आणि तिला नव्या आकड्यासाठी पलीकडे जावं लागलं असतं. तिसऱ्यांदा लागला. हेल्यूनं चष्मा वर केला, खाली केला आणि मोठ्यानं वाचलं, इतरांचं वाचायची तशी. हृदय: चाळिसावी. कॉफी: सोसत नाही. साखर: चौऱ्याण्णवावी.

 मग आलीडेनं पाय स्टुलावरून खाली घेतला, लंगडत टेबलाशी आली, हेल्यूच्या कपाशेजारची रुबार्बच्या जॅमची बरणी उचलली आणि एक शब्द न बोलता कपाटात नेऊन ठेवली.

"मावशी, अगं मी अजून एक चमचासुद्धा घेतला नव्हता."

"आणि घेणारही नाहीस. तीन घेतेस, चहाबरोबर, कायम बघते मी. रांगेतली चौऱ्याण्णवावी."

पहिल्यांदा मारेट हसली. मग हेल्यू हसली आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. एवाल्ड उठला, टोपलं घेऊन मासे साफ करायला दाराबाहेर गेला, आणि बाहेरूनच म्हणाला, "बोट सकाळी किती वाजता आहे?"

पार्नूच्या डॉक्टरांना रक्तदाब वाढलेला सापडला, रक्तातली चरबी भरपूर सापडली. धमनीत स्टेंटची जाळी वगैरे काही बसवावी लागली नाही. गोळ्या दिल्या, तंबाखू बंद केली. पुढचे दोन महिने एवाल्ड इतका खेकसत होता, की मारेट दवाखान्यात येऊन म्हणाली, "हेल्यूताई, त्याची गोळी राहू दे, मला काहीतरी दे." कारेलकडे जाऊन एवाल्डनं आपल्या जागा परत मागितल्या. कारेल म्हणाला, "आता डोक्यातून कशा काढू?" त्यावरून दोघांत बोलणं बंद झालं ते जूनपर्यंत. मारेटनं काळं कापड मागावरून उतरवलं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. चांगली लोकर होती, कुठं ना कुठं लागेलच. दुसऱ्या दिवशी तिनं मागावर लाल चढवला, आणि तो तिनं पुरा विणला.

हेल्यूची कामाची रीत त्यानंतर बदलली. आता तिच्या टेबलावर वाटाण्यांचा डबा असतो, बरोबर शंभर मोजलेले. ती एकट्याला बसवत नाही, नवराबायको दोघांना बोलावते, आणि तासाच्या आत कुणाला सोडत नाही, बाहेर बोट भोंगे वाजवत असली तरी. उठताना ती विचारते, "आता घरी जाऊन काय सांगणार?" आणि समोरचा जे सांगेल ते चुकलं तर वाटाणे पुन्हा रांगेत लागतात. सगळ्यात जास्त वेळ लागला तो कारेलला. त्याचा हृदयाचा नंबर बारावा निघाला, आणि त्या आनंदात त्यानं तिथंच सिगारेट काढली. हेल्यूनं त्याच्यासारख्या बाराव्यांची शंभर माणसं मांडली, त्यातले पाच बाजूला ओढले आणि म्हणाली, "हे पाच पण असेच खूश होते." कारेलनं सिगारेट खिशात ठेवली. सोडली असं नाही म्हणत मी, खिशात ठेवली.

तिचं कौतुक केलं तर ती वैतागते. म्हणते, "मी काय वाचवलं? कुणाला माहीत काय झालं असतं?" ते खरंही आहे. गेलेल्या माणसाचं सगळ्यांना कळतं, न गेलेल्याचं कुणाला कळत नाही. हेल्यूचं सगळं काम असं न दिसणाऱ्यात जमा होतं. ती चहा बिनसाखरेचा पिते आणि त्याबद्दल दिवसातून दोनदा तक्रार करते. पहिल्या वर्षी साखर सीमेच्या वर होती, आता खाली आली आहे.

यंदा एप्रिलमध्ये, बुधवार होता, सकाळी एवाल्ड दवाखान्यात आला. वेळ ठरलेली नव्हती. तो बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि समोरची म्हातारी आत जाऊन बाहेर येईपर्यंत तसाच बसून राहिला. मग आत गेला. गोळ्या संपल्या का, हेल्यूनं विचारलं. नाही. छातीत दुखतंय? नाही.

"काल मी बाबांएवढा झालो," एवाल्ड म्हणाला. "वर्ष, महिने, दिवस धरून. मोजलेत मी. आज त्यांच्यापेक्षा एक दिवसानं मोठा आहे."

हेल्यूनं पेन खाली ठेवलं.

"होडी कशी लावायची, जाळं कुठं टाकायचं, सगळं बाबांनी केलं तसं केलं. इथवर ते पुढं होते. आता पुढं कुणी नाही." तो टोपीकडे बघत होता. "आमच्या घरात कुणी पुरुष म्हातारा झालेलाच नाही, हेल्यूताई. कसं करतात ते?"

तीस वर्षांत हेल्यूला या बेटावर कुणी असं काही विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरले. युहानला हा प्रश्न पडायला हवा होता, याच खुर्चीत, असं तिच्या मनात आलं.

"मला तरी कुठं माहीत?" ती म्हणाली. "मीही नऊ वर्षं एकटीच शिकतेय. शिकू. आधी बाही वर कर."